सोफ्याचा कोपरा आणि काथ्याचे पायपुसणे

पत्र : आमच्याकडे मनी नावाची दोन वर्षांची मांजरी आहे. दीड महिन्याची असताना पावसाळ्यात पार्किंगमध्ये भिजत बसलेली सापडली, तेव्हापासून ती घरातच असते, बाहेर जात नाही. दिवाळीपूर्वी आम्ही घराला रंग दिला, हॉलमधला जुना दिवाण काढला, मनीने ओरबाडून चिंध्या केलेले दाराजवळचे काथ्याचे पायपुसणे टाकून दिले आणि नवा कापडी सोफा आणला. तीन महिन्यांत सोफ्याच्या डाव्या हाताचा कोपरा आतला स्पंज दिसेपर्यंत फाटला आहे. ओरडून पाहिले, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारून पाहिले, लिंबाचा रस लावला, फिनाईल लावले. बाजारातून दीड फुटी खांब आणून गॅलरीत ठेवला, तर त्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. यजमान म्हणतात, तिला गावाकडे शेतावर सोडून येऊ. शेजारच्या बाई म्हणतात, ऑपरेशन करून नख्याच काढून टाका. मला दोन्ही पटत नाही, पण घरात रोज वाद होतो. काय करू?
— एक वाचक, चिंचवड

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना सगळे लक्ष सोफ्याकडे गेले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी दाराजवळच्या त्या काथ्याच्या पायपुसण्यापाशी थांबलो. तुम्ही त्याचा उल्लेख ओझरता केला आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. मनीला पावणेदोन वर्षे ओरबाडण्यासाठी स्वतःची एक जागा होती आणि ती जागा दिवाळीच्या साफसफाईत गेली. त्याच आठवड्यात दिवाण गेला, भिंतींना रंगाचा वास आला, पाठोपाठ फटाके सुरू झाले; म्हणजे तिच्या ओळखीच्या जेवढ्या खुणा होत्या त्या बहुतेक सगळ्या एकदम पुसल्या गेल्या. नेमक्या त्या वेळी जड, न हलणारा, खरखरीत विणीचा सोफा घरात येऊन बसला. जे काम ती दाराशी करत होती, ते तिने सोफ्याशी सुरू केले, इतकाच याचा अर्थ आहे. यात तिचा राग नाही, खोड नाही आणि तुमच्या संगोपनातली चूकही नाही.

हे काम म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचे उपाय हातात येऊनही फसतात. मांजर नख्यांना धार लावते असे आपण म्हणतो, पण सुरी पाट्यावर घासावी तसे ते नसते. मांजराची नखी थरांनी वाढते. बाहेरचा थर जुना होऊन सैल झाला की तो निघून जावा लागतो आणि आतली नवी, टोकदार नखी मोकळी व्हावी लागते. सोफ्याच्या त्या फाटलेल्या कोपऱ्याखाली हात घालून पाहा. धुळीत तुम्हाला तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, चंद्रकोरीसारखी वाकलेली, आतून पोकळ अशी पांढुरकी टरफले सापडतील. तीच ही जुनी नखी. पुष्कळांना ती पाहून मांजराची नखी तुटली असे वाटते आणि ते घाबरतात, पण ते निरोगी मांजराचे लक्षण आहे. ही टरफले बहुधा पुढच्या पायांची असतात. मागच्या पायांच्या नख्यांची कात मांजर दातांनी ओढून काढते.

दुसरे कारण अंग ताणण्याचे. मनी झोपेतून उठल्यावर पहिली दोन मिनिटे काय करते, ते एकदा बारकाईने पाहा. ती जांभई देते, पाठीची कमान करते, मग चालत एखाद्या भक्कम वस्तूपाशी जाते, पुढचे पंजे जमेल तितके वर टेकवते, नख्या रुतवते आणि सगळ्या अंगाचा भार मागे टाकून खांदे, पाठ आणि पंजे ताणून घेते. दिवसातले बारा-पंधरा तास झोपणाऱ्या प्राण्याला ही ताण घेण्याची क्रिया टाळता येत नाही. आणि तिसरे कारण मालकीचे. मांजराच्या पंजाच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. ओरबाडताना तिचा वास त्या जागी उतरतो आणि दिसणारे ओरखडेही राहतात; आपल्याला तो वास येत नाही, पण तिला तो येतो, आणि ‘ही जागा माझी आहे’ हा दिलासा त्यातून मिळतो. म्हणून मांजर आपल्या खुणा घराच्या अडगळीत करत नाही. जिथे माणसांचा वावर जास्त, जिथून ये-जा होते, जिथे ती झोपते, अशाच ठिकाणी करते. तुमचे पायपुसणे दाराजवळ होते आणि सोफा हॉलच्या मध्यावर आहे. गॅलरीतला खांब तिने का नाकारला, हेही यातच आले.

म्हणून ओरबाडणे बंद कसे करायचे, हा प्रश्न आपण सोडून द्यायचा आहे. ते बंद होणार नाही आणि होऊ नये. ते सोफ्यावरून दुसरीकडे नेता मात्र नक्की येते, आणि दोन वर्षांच्या मांजराच्या बाबतीत ते फार अवघडही नसते.

आता त्या खांबाविषयी. तुम्ही खर्च करून आणलात आणि तो वाया गेला याचे तुम्हाला वाईट वाटते आहे, पण बाजारात मिळणारे बरेचसे खांब मांजराची उंची न पाहताच केलेले असतात. मोठे मांजर मागच्या पायांवर उभे राहून पंजे वर ताणते तेव्हा ते पाऊण मीटरच्या आसपास पोहोचते. दीड फुटी खांबापाशी मनीला अर्धवट वाकूनच राहावे लागेल. शिवाय असा हलका खांब पहिल्याच ओढीला डुगडुगतो, आणि आपल्या अंगावर काही कोसळते आहे असे एकदा वाटले की मांजर त्या वस्तूकडे महिनोन्‌महिने फिरकत नाही. सोफा तिला आवडला, कारण तो हलत नाही. हा एकच गुण नव्या खांबात आला पाहिजे, बाकीचे सगळे त्यानंतर.

माझा सल्ला असा की नवा खांब विकत न घेता सुताराकडून करून घ्या. साधारण चार इंच बाय चार इंच जाडीचा, तीन फूट उंचीचा लाकडी खांब, आणि त्याला खाली दीड फूट बाय दीड फूट अशी जाड प्लायची बैठक, खालून स्क्रूने घट्ट आवळलेली. खांबाच्या चारही धारा कानशीने थोड्या गोल करायला सांगा, म्हणजे दोरी कापली जाणार नाही. तयार झाल्यावर वरच्या टोकाला धरून जोराने ढकलून पाहा. तो हलला तर बैठकीवर एखादी फरशी किंवा वजनदार दगडी पाटी बसवून घ्या. खांबाला गुंडाळण्यासाठी घायपाताच्या वाखाची दोरी सर्वांत चांगली. नख्या तिच्यात रुततात, ओढल्यावर सुटतात, आणि धागा तुटतानाचा तो बारीक करकर आवाजही मांजरांना आवडतो असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. दहा मिलिमीटर जाडीची दोरी घेतली तर एवढ्या खांबाला सुमारे ४० मीटर लागते. दुकानात जाताना हा आकडा लिहून न्या, कारण दोरी कमी पडली आणि मध्येच जोड आला की मांजर नेमकी तीच गाठ पकडून सगळे उसवते. वेटोळी एकमेकांना चिकटून, लाकडाला फेव्हिकॉल लावत, घट्ट बसवा आणि खिळे फक्त दोन टोकांना, डोके आत दडेल असे मारा. घायपाताची दोरी मिळाली नाही तर काथ्याची दोरी, म्हणजे आपला सुंभ, चालतो, आणि मनीच्या पंजांना तर काथ्याची सवय आहेच. तेही जमत नसेल तर धान्याचे जुने गोणपाट ताणून गुंडाळा. मऊ, लोकरीसारखे कापड मात्र लावू नका. त्याच्या फासात नखी अडकते.

खांब तयार झाल्यावर तो ठेवायचा कुठे, यावर निम्मे यश अवलंबून आहे. तो सोफ्याच्या डाव्या हातापाशी, फाटलेल्या कोपऱ्याला जवळजवळ टेकून ठेवा. हॉलच्या मध्ये दोरीचा खांब बरा दिसणार नाही हे मला कळते, पण महिना-दोन महिने एवढी तडजोड करा. आणि दुसरी, माझ्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची गोष्ट : आजच्या आज एक काथ्याचे पायपुसणे आणा आणि पूर्वी जिथे होते त्याच जागी, दाराजवळ, ठेवा. ते सरकू नये म्हणून खाली चिकट पट्टी लावा. काही मांजरांना उभ्या पृष्ठभागावर ओरबाडायला आवडते, काहींना आडव्या. मनी पूर्वी आडव्यावर आणि आता उभ्यावर करते आहे, म्हणजे तिला दोन्ही चालते, ही आपल्या फायद्याची बाब आहे. ते पायपुसणे मग पाहुण्यांचे नाही, मनीचेच समजा आणि त्याच्या चिंध्या झाल्या तरी टाकू नका. जितके ते फाटके, तितके ते तिचे. पुढे अगदीच बदलायची वेळ आली तर नवे आणून दोन-तीन आठवडे जुन्याच्या शेजारी राहू द्या आणि मगच जुने उचला. गॅलरीतला छोटा खांबही फेकू नका. ती जिथे झोपते तिथे तो आडवा पाडून, दोन्ही बाजूंनी टेकू देऊन ठेवला तर तो उपयोगी पडू शकतो.

त्याच दिवशी सोफ्याचा कोपरा तिच्यासाठी निरस करायचा आहे. तिथले फिनाईल आणि लिंबाचा रस आधी साध्या साबणाच्या पाण्याने, दोन-तीनदा ओले फडके फिरवून, पुसून काढा. यामागचे कारण मी ठळकपणे सांगतो : फिनॉलवर्गातली द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. मांजर पंजे चाटून स्वच्छ करते; म्हणजे सोफ्यावर लावलेले फिनाईल शेवटी तिच्या पोटात जाते. फरशी पुसण्याच्या पाण्यातही ते वापरत असाल तर बंद करा. डांबराच्या गोळ्या, कापूर, निलगिरीचे तेल, लिंबा-संत्र्याची सुगंधी तेले हे सगळे ‘मांजर दूर ठेवण्याचे घरगुती उपाय’ म्हणून सांगितले जाते आणि हे सगळेच तिला विषारी ठरू शकते. यातले काहीही वापरू नका.

त्याऐवजी कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या टेपच्या उभ्या पट्ट्या लावा, किंवा जाड, गुळगुळीत प्लॅस्टिकचा तुकडा ताणून मागे टाचा. मांजरांना पंजाला काही चिकटलेले अजिबात सहन होत नाही आणि गुळगुळीत पृष्ठभागात नखी रुतत नाही. पट्ट्या जमिनीपासून अडीच फूट उंचीपर्यंत असू द्या, कारण ती वरही हात पोहोचवणार. उजवा कोपराही झाका; एक बाजू बंद झाली की ती दुसरी पाहील. मात्र खांब नसताना फक्त टेप लावणे म्हणजे पाण्याला बांध घालून वाट न देण्यासारखे आहे. मग दिवाणखान्यातला पडदा, वेताची खुर्ची किंवा गादीचा काठ यांची पाळी येते. दोन्ही एकाच दिवशी करा.

खांबाशी तिची ओळख करून देताना तिचे पंजे धरून दोरीवर घासू नका. बहुतेक जण प्रेमापोटी हेच करतात, आणि जबरदस्तीने पंजे धरलेले मांजर खांबालाच घाबरते. ती झोपेतून उठण्याची वेळ साधा. त्या वेळी खांबाच्या वरच्या अंगाला एक सुतळी हळूहळू सरकवत न्या, म्हणजे ती उठून पंजा मारेल. खेळ संपला की सुतळी मात्र उचलून कपाटात ठेवा, कारण गिळलेली दोरी मांजराच्या आतड्यात अडकून जिवावर बेतते. खांबाला नखी लागली की लगेच, दोन-तीन सेकंदांच्या आत, उकडलेल्या कोंबडीचा किंवा मासळीचा नखाएवढा तुकडा तिच्यापुढे ठेवा. उशीर झाला तर बक्षीस कशाचे ते तिला कळत नाही. दिवसातून दोन वेळा, आठ-दहा दिवस एवढे केले तरी फरक दिसू लागतो. ती चुकून सोफ्याकडे वळली तर काही न बोलता सुतळी खांबाकडे ओढा.

मारण्याविषयी मला थोडे स्पष्ट लिहू द्या. वर्तमानपत्राच्या गुंडाळीने, पाण्याच्या फवाऱ्याने किंवा ओरडून मांजराला ‘सोफा ओरबाडू नये’ हे समजत नाही. ‘ही बाई समोर असताना धोका आहे’ एवढेच समजते. मग ती तुमच्यामागे, रात्री, ओरबाडते. शिवाय भेदरलेले मांजर दिलाशासाठी आपल्या खुणा वाढवते, म्हणजे मारण्याने ओरबाडणे वाढण्याचीच शक्यता अधिक. तुम्ही हे रागाने नव्हे तर हतबल होऊन केले, हे पत्रावरून जाणवते. आता ते थांबवा; मनी काही दिवसांतच पुन्हा पूर्वीसारखी जवळ येईल.

नख्यांची टोके कापल्याने ओरबाडणे थांबत नाही, पण होणारे नुकसान बरेच कमी होते, आणि मनी घराबाहेर जात नसल्याने तिच्यासाठी ते सुरक्षित आहे. मांजराच्या पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशा एकूण १८ नख्या असतात. दर दोन-तीन आठवड्यांनी फक्त पुढच्या १० कापल्या तरी पुरे. मांजरासाठीचे छोटे नखकापे घ्या. आपल्या नेलकटरने नखी चिरते. ती पेंगुळलेली असताना, खिडकीच्या उजेडात, तिला मांडीवर घ्या आणि एका बोटाची गादी खालून व वरून अलगद दाबा, म्हणजे आत ओढलेली नखी बाहेर येईल. उजेडात नीट पाहिले तर अर्धपारदर्शक नखीच्या मुळाशी गुलाबी भाग दिसेल. तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू आहेत. त्याला धक्का लागू द्यायचा नाही. त्याच्या बरेच अलीकडे, फक्त वाकलेले टोक, दीड-दोन मिलिमीटर, कापायचे. चुकून रक्त आलेच तर स्वच्छ कापूस काही मिनिटे दाबून धरा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. पहिल्या दिवशी दोनच नख्या कापून सोडून दिले तरी हरकत नाही. पंजाच्या आतल्या बाजूला थोडी वर असलेली पाचवी नखी विसरू नका. ती जमिनीला टेकत नाही, त्यामुळे वाढून मांसात शिरू शकते. नख्यांवर चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्याही मिळतात, पण तुमच्या बाबतीत मला त्यांची गरज दिसत नाही.

शेजारच्या बाईंनी सुचवलेले ऑपरेशन. त्याला ‘नख्या काढणे’ म्हणतात, पण नखी हाडातूनच उगवत असल्याने त्यात प्रत्येक बोटाचे शेवटचे पेरच कापले जाते. आपली दहाही बोटे शेवटच्या सांध्यापासून तोडावीत, तसे. मांजर बोटांवर चालते. त्यामुळे त्याची चाल बदलते, पंजांत कायमचे दुखणे राहू शकते, वाळूचा स्पर्श सोसेना झाला की ते शौचाची पेटी टाळू लागते, आणि नख्यांचा आधार गेल्यामुळे चावू लागते. युरोपातल्या अनेक देशांत ही शस्त्रक्रिया बेकायदा आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि आपल्याकडे प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याचा अंगभंग करणे हा गुन्हा आहे. नखीच्या मुळाशी गाठ किंवा बरा न होणारा संसर्ग असेल तर पशुवैद्य एखादे बोट काढतात. ती वेगळी गोष्ट झाली. सोफ्यासाठी हे करायचे नाही.

शेतावर सोडण्याचा विचारही यजमानांनी मनातून काढून टाकावा, ही माझी कळकळीची विनंती त्यांना वाचून दाखवा. शेतावर मांजरे जगतात हे खरे, पण ती तिथेच जन्मलेली, आईकडून शिकार शिकलेली आणि आपली हद्द राखून असलेली असतात. दीड महिन्याची असल्यापासून घरातच वाढलेल्या मनीला ना कुत्र्यांपासून पळायचे माहीत, ना पाणी कुठे मिळते ते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे याच कलमाखाली गुन्ह्यात मोडते. त्यांचा राग मनीवर नसून फाटलेल्या नव्या सोफ्यावर आहे, आणि तो मला समजतो. कष्टाच्या पैशाने आणलेली वस्तू तीन महिन्यांत अशी झाली तर कोणालाही वाईट वाटेल. खांब बनवून घ्यायचे काम त्यांच्याकडेच सोपवा. मापे घेण्यात आणि दोरी ताणून गुंडाळण्यात दोन माणसे लागतातच. मनीने त्या खांबाला पहिल्यांदा पंजा लावला की मासळीचा तुकडाही त्यांच्याच हातून द्या.

हे सगळे करूनही तीन-चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा ती एकाएकी जास्त ओरबाडू लागली, लपून बसू लागली, पेटीबाहेर लघवी करू लागली, तर मात्र पशुवैद्यांना दाखवा, कारण दुखणे किंवा ताण असेल तर ते आधी बरे व्हायला हवे.

एरवी, सलग महिनाभर सोफ्यावर नवा ओरखडा दिसला नाही की खांब हलवायला सुरुवात करा, पण दिवसाला वीतभराहून अधिक नाही, आणि शेवटी तो भिंतीशी येईल पण हॉलमध्येच राहील असा. सोफ्यावरचा टेप त्यानंतरही आणखी महिनाभर राहू द्या. तोवर फाटलेले कापड बदलण्याची घाई करू नका, आणि बदलाल तेव्हा जाडसर, गाठाळ, धागे वर आलेल्या विणीचे कापड टाळून मखमलीसारखे, ज्यात नखी रुतवायला वीणच सापडत नाही असे दाट कापड घ्या. दुकानात नमुन्यावर स्वतःचे नख आडवे ओढून पाहा. नखाला धागा लागला तर मनीच्या नखीलाही लागेल, तो नमुना बाजूला ठेवा आणि पुढचा पाहा.